इचान्सी: रवांडातली लाकडी चरवी, चार महिने रोज वापरून

दुकानाला पाटी नाही. दक्षिण रवांडातल्या हुये या गावच्या मोठ्या म्युझियमकडून गावाच्या दिशेने चालत आलात की उजव्या हाताला शिंप्यांची दोन दुकानं लागतात, त्यांच्या पलीकडचं निळ्या दाराचं ते. दारात लाकडाच्या ओल्या ढलप्यांचा ढीग दिसला की पोचलात असं समजायचं. आमच्या घरातली दुधाची दोन भांडी तिथून आली आहेत. चार महिने ती रोज हाताळून झाल्यावर आज सविस्तर लिहायला बसले आहे, कारण रवांडात येणारी आपली बरीच माणसं हीच वस्तू राजधानी किगालीतल्या चकाचक दुकानातून घेतात आणि घरी जाऊन काचेच्या कपाटात ठेवतात. पहिल्या खेपेला मीही तिथूनच घेतलं होतं.

आधी माझ्याबद्दल थोडं सांगते. मी सावंतवाडीची, चितार आळीतली. वडील लाकडी फळं करायचे. आंबा, केळं, पपई, सीताफळ. लाकूड पांगाऱ्याचं, कारण ते वजनाला हलकं आणि हत्याराला मऊ. पटाशी, कानस, लाखेचा वास यांत माझं बालपण गेलं. आता तिथलं काम भाऊ बघतो. माझा मुलगा किगालीत नोकरीला आहे, सुनेच्या बाळंतपणाला म्हणून आले ती अजून इथेच आहे. घरात तान्हं बाळ, त्यामुळे दूध, दही, तूप हे माझ्या हातातलं खातं. आणि लाकूड हातात आलं की मला त्याचं वजन आधी कळतं, रंग नंतर दिसतो. या दोन गोष्टींमुळे मी या भांड्यांच्या नादाला लागले.

त्या पहिल्या भांड्याचं सांगते. किगालीतल्या एका भेटवस्तूंच्या दुकानात ते ठेवलेलं होतं. गोल पोटाचं, अरुंद गळ्याचं, काळंभोर, आरशासारखी चमक, वर विणलेलं निमुळतं टोपण. दिसायला इतकं देखणं की मी भाव न करता घेतलं. घरी आणून गरम पाण्याने विसळलं, दूध ओतलं, आणि तासाभरात दुधाला रंगाच्या डब्यासारखा वास मारू लागला. चमक होती ती व्हार्निशची. आठव्या दिवशी गळ्यापासून पोटापर्यंत चीर गेली. चिरेत नख घातलं तर आतून भुसा आणि डिंक बाहेर आला. म्हणजे भेग आधीपासून होती, ती बुजवून वरून काळा रंग दिलेला. परत घेऊन गेले तर उत्तर मिळालं, "ही शोभेची वस्तू आहे, यात दूध कशाला ओतलंत?"

मला त्या पैशांपेक्षा हे वाक्य जास्त लागलं. दुधासाठी जन्माला आलेलं भांडं, आणि त्यात दूध ओतलं हा माझा गुन्हा?

आमच्याकडे बाळाला सांभाळायला येणारी मुलगी हुयेकडची. तिने माझा चेहरा बघून सांगितलं की तिच्या आजीच्या घरी अशी भांडी अजून आहेत, आणि ती करणारे एक म्हातारे गावातच बसतात. मग एका शनिवारी आम्ही दोघी न्याबुगोगोच्या स्टँडवरून बसने निघालो. किगाली ते हुये साधारण १३० किलोमीटर, वळणावळणाचा रस्ता, टेकडीमागून टेकडी. तांबडी माती, केळीच्या बागा, उतारावरची कौलारू घरं. डोळे किलकिले करून पाहिलं तर आंबोली उतरून वाडीकडे चाललोय असं वाटावं. मध्येच एका बांधावर पानं झडलेलं, लालभडक फुलांनी पेटलेलं झाड दिसलं आणि मी मोठ्याने म्हणाले, "अगं, हा तर पांगारा!" ती म्हणाली, "उमुको." तो आपल्या पांगाऱ्याचाच आफ्रिकेतला भाऊबंद. इथल्या जुन्या श्रद्धेत र्‍यांगोंबे नावाच्या वीरपुरुषाशी हे झाड जोडलेलं आहे, त्यामुळे त्याला मान आहे.

हुयेला पोचल्यावर आधी म्युझियम पाहिलं, आणि तुम्हीही आधी तेच पाहा. बेल्जियमच्या राजाने भेट म्हणून बांधून दिलेलं, १९८९ मध्ये सुरू झालेलं हे एथ्नोग्राफिक म्युझियम. सात दालनं आहेत. गुरांची आणि घरातल्या वस्तूंची दालनं सावकाश बघा. एकदा तिथली जुनी भांडी नजरेत बसली की बाजारातली नकली लगेच ओळखू येतात. जुन्या भांड्यांवर चमक नाही, तुकतुकी आहे. हाताळून, लोणी लागून, धूर खाऊन आलेली. आमच्या घरच्या पाटावर आजीच्या बसण्याने जशी आली होती, अगदी तशी.

नावं माहीत असली की दुकानात मागताना सोपं जातं. ज्यात गाय पिळतात ते इचान्सी. आपली पितळी चरवी डोळ्यासमोर आणा, तीच एका अखंड लाकडात कोरलेली. पिळणारा उकिडवा बसून ती गुडघ्यांत धरतो, म्हणून पोट गोल. दूध प्यायचं ते इन्कोंगोरो, त्याहून लहान, पेल्यासारखं. लग्नात नवरानवरीला दूध देतात ते यातूनच. टोपणाला उमुतेमेरी म्हणतात. ताक घुसळायला मोठा वाळका भोपळा असतो, त्याचं नाव इगिसाबो. रवी नाही, घुसळखांब नाही. दूध भरलेला तो भोपळाच मांडीवर घेऊन पुढेमागे हलवत बसायचं. आणि घरात ही सगळी भांडी मांडायची उंचवट्याची वेगळी जागा असते, ती उरुहिम्बी. मुलीच्या आजीच्या घरी मी ती पाहिली. आपल्याकडे देव्हाऱ्यापाशी जसं चप्पल घालून कुणी जात नाही, तशी त्या जागेजवळ आजी आवाजही खाली आणते.

निळ्या दाराच्या दुकानात म्हातारबुवा जमिनीवर पोतं टाकून बसले होते. इकडे वडीलधाऱ्या पुरुषाला मुझेहे म्हणतात, मीही तेच म्हटलं. त्यांनी मला मामा म्हटलं, म्हणजे इकडे आई. पुढचं सगळं बोलणं मुलीमार्फत झालं, पण खरं सांगायचं तर हत्यारांनी निम्मं काम केलं. मी त्यांचा वाकस उचलून धारेवरून अंगठा आडवा फिरवला, ते बघून त्यांनी माझ्यासाठी स्टूल ओढलं.

ते कोरत होते ती चरवी बाहेरून पूर्ण झाली होती, आतून अर्धी. मी तिथे दीड तास बसले. दोन्ही पावलांमध्ये भांडं घट्ट धरलेलं, तोंड वर. हातात लांब दांड्याची सुरी, टोकाला आकड्यासारखी वळलेली. तोंड जेमतेम तीन इंचांचं, आत पोट त्याच्या दुप्पट. आत काय चाललंय ते डोळ्यांना दिसत नाही. सुरीचं टोक आत गेलं की पुढचं सगळं मनगटावर. दांडा काखेत दाबायचा, मनगट वळवायचं, खर्र असा आवाज येतो आणि सुरी वर. दहाबारा वेळा असं झालं की भांडं उपडं करून बुडावर चापटी, की पातळ, ओलसर, वळलेल्या ढलप्या पोत्यावर पडतात. मग एक बोट आत, अंगठा बाहेर, अशी चिमूट धरून ते भांड्याभोवती फिरवतात आणि मधूनच थांबून बाहेरून नखाने टक टक वाजवतात. एका जागी थांबले, माझा हात धरून माझं बोट तिथे ठेवलं. बाकी सगळीकडे आवाज मोकळा होता, तिथे बद्द. म्हणजे तिथे अजून जाड आहे. सुरी पुन्हा आत. पाच मिनिटांनी पुन्हा वाजवलं तर आवाज जुळला होता.

वडील फळं बाहेरून घडवायचे, आतून ती भरीव. आतली बाजू घडवणं आम्ही कधी केलंच नाही. तिथे बसून माझ्या पहिल्यांदा लक्षात आलं की या भांड्याची खरी कारागिरी जिथे आहे तिथे कुणाची नजर जात नाही. किगालीतल्या त्या दुकानाने मला विकली ती फक्त बाहेरची बाजू.

आणखी एक फरक. आमच्याकडे लाकूड आधी चांगलं वाळवतात, मग कोरतात, नाहीतर रंग धरत नाही. इथे ओलं लाकूडच कोरायला घेतात, कारण वाळल्यावर अरुंद तोंडातून सुरी चालणार नाही. मग वाळताना तडकू नये म्हणून अर्धवट झालेलं भांडं त्या ओल्या ढलप्यांच्या ढिगात पुरून ठेवतात. दारातला ढीग कचरा नव्हता, तर भांडी त्यात हळूहळू वाळत होती. घाई केली, उन्हात ठेवलं, की चीर जाणार. माझ्या पहिल्या भांड्याचं नेमकं काय झालं होतं ते मला तिथे कळलं. वाळल्यावर आतबाहेर लोणी चोळतात आणि चुलीवरच्या धुरात टांगतात. काळा रंग तिथून येतो. रंगाचा डबा दुकानात कुठेच नव्हता.

लाकूड कुठलं विचारलं तर म्हणाले, उमुको. मी हसले, आणि मोबाइलवर वडिलांच्या हातच्या पांगाऱ्याच्या आंब्याचा फोटो दाखवला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला आणि आत पोकळ आहे का विचारलं. नाही म्हटल्यावर मान हलवली.

मी घेतलं ते असं. एक इचान्सी, उंची साडेआठ इंच, गळ्यापर्यंत सव्वा लिटर दूध मावतं, वजन घरच्या काट्यावर ४३० ग्रॅम. एवढ्याच मापाचा माझा स्टीलचा डबा याहून जड आहे. एक इन्कोंगोरो, साधारण पाव लिटरचं. चरवीचे २२,००० फ्रँक, पेल्याचे ८,०००, आणि टोपणाचे वेगळे ९,०००. पंधरासोळा फ्रँकना एक रुपया धरला तर एकूण अडीच हजार रुपयांच्या आसपास. मी भाव केला नाही. दीड तास ते काम पाहिल्यावर तोंडच उघडलं नाही. किगालीतल्या त्या व्हार्निशवाल्या भांड्याला यातल्या चरवीच्या जवळपास चौपट मोजले होते.

टोपणाबद्दल वेगळं लिहायला हवं. शेजारच्या घरातली एक बाई ती विणते. सुईने, एकेक काडी गुंडाळत, खालून वर निमुळतं होत जाणारं. वर काळ्या रंगाची नागमोडी नक्षी. पूर्वी राजघराण्यातल्या आणि सरदारांच्या घरच्या तुत्सी, म्हणजे इथल्या गुरं पाळणाऱ्या समाजातल्या, बायका असं बारीक विणकाम करत. त्यांच्याकडे गुरं राखायला आणि शेत कसायला माणसं असत, म्हणून हाताला वेळ होता. काळा रंग पूर्वी केळफुलाचा रस उकळून काढत. हे ऐकल्यावर मी मुलीला माझी बोटं दाखवली. केळफूल सोलून चिरताना ज्याची बोटं काळी झाली आहेत त्याला हा रंग किती पक्का ते सांगावं लागणार नाही. तेल लावून बसायचं हे त्या विणणाऱ्या बाईला सांगितलं, तर ती म्हणाली की आता विकतचा रंग येतो. हरकत नाही. वीण मात्र इतकी दाट आहे की टोपण उपडं करून त्यात पाणी ओतलं तर पहिली काही सेकंदं ते थेंबही सोडत नाही. हा प्रयोग मी केला आहे, तुम्ही करू नका, वाळायला दोन दिवस लागतात.

आता वापराबद्दल. पहिले तीन दिवस मी चरवीत नुसतं साय काढलेलं दूध ठेवून ओतून दिलं, म्हातारबुवांनी तसं सांगितलं होतं. मग विरजण लावलं. पहिल्या तीन विरजणांना लाकडाचा आणि धुराचा वास होता, सुनेने तोंड वाकडं केलं. चौथ्यापासून वास बसला आणि त्याची चव झाली. मातीच्या मडक्यातलं दही पाणी सोडत नाही हे आपल्याला ठाऊक आहे. यातलं त्याहून घट्ट नाही, पण गोडसर राहतं, आंबट व्हायला वेळ घेतं. दुपारच्या उन्हातही भांडं हाताला गार लागतं. इकडे इकिवुगुतो म्हणून जे आंबवलेलं दूध मिळतं, ते ताक आणि दही यांच्या मधलं असतं. किगालीत फक्त दूध विकणारी दुकानं आहेत. लोक बाकावर बसून मोठा मग भरून इकिवुगुतो नाहीतर गरम ताजं दूध पितात, सोबत चपाती. कामावरचे पुरुष संध्याकाळी दूध प्यायला एकत्र बसतात हे बघून मला फार बरं वाटलं होतं. आता मुलगा घरचं इकिवुगुतो लाकडी पेल्यातून पितो, आणि बसून पितो. उभ्याने दूध प्यायचं नाही हे त्याला बाळाला सांभाळणाऱ्या मुलीने बजावलं आहे.

धुण्याची पद्धत सगळ्यांत महत्त्वाची. साबण अजिबात नाही. लाकूड साबण पितं आणि नंतर दुधात सोडतं. मी कोमट पाण्याने विसळते, सुती फडक्याने आतून पुसते, सावलीत उपडं घालते. आठवड्यातून एकदा धुरी. कोळशाच्या शेगडीवर, तिला इकडे इम्बाबुरा म्हणतात, वाळकं गवत टाकायचं आणि धूर उठला की भांडं त्यावर उपडं धरायचं. शेजारच्या युगांडातल्या अंकोले भागात हिमा गुराखी लोकांची अशीच चरवी असते, नावही जवळचं, एक्यांझी. तिथे धुरीसाठी सुवासिक गवत आणि त्यासाठी वेगळं मातीचं भांडंही ठेवतात. रवांडात जुन्या काळी दुधाची भांडी गोमूत्रानेही धूत. मुलीने हे जरा चाचरत सांगितलं, मला नवल वाटेल म्हणून. मी म्हटलं, बाई, माझ्या आजोळी अंगण शेणाने सारवायचे आणि बाळंतिणीच्या खोलीत गोमूत्र शिंपडायचे. मग ती मोकळी झाली. दह्याच्या मडक्याला आमच्याकडेही धुरी द्यायचे, करवंटीच्या निखाऱ्यावर. म्हणून मी एकदा इथे करवंटी मिळवून तीच दिली. गवताची धुरी जास्त चांगली, करवंटीची उग्र होते.

ही भांडी कुणाची, असा प्रश्न मी दुकानात विचारला होता, आणि तो जरा चुकलाच. पुस्तकांत यांना तुत्सी गुराख्यांची भांडी म्हणतात. म्हातारबुवा म्हणाले, "रवांडाची." मुलीनेही तेच म्हटलं आणि विषय बदलला. घरी मुलाने समजावून सांगितलं. बेल्जियमच्या राजवटीत, १९३० च्या दशकात, प्रत्येकाच्या ओळखपत्रावर हुतू, तुत्सी, त्वा यांपैकी त्याचा समाज कुठला ते छापलं गेलं. १९९४ मध्ये तुत्सींचा वंशसंहार झाला तेव्हा नाक्यानाक्यावर तेच कार्ड बघून माणसं मारली. माणसांबरोबर त्यांची गुरंही कापली. आता कार्डावर तो रकाना नाही, आणि अनोळखी माणसाने तो प्रश्न विचारू नये. गाईंचा राजदरबार, लांब शिंगांचे कळप, दुधाचे विधी हा वारसा तुत्सी सरदारांचा आणि राजाचा होता हे खरंच आहे. पण कोरणारा हात बहुतेक वेळा दुसऱ्याचा असे, अंकोलेतही चरव्या करणारे शेतकरी बैरू आणि वापरणारे हिमा. म्हातारबुवा कोण ते मी विचारलं नाही आणि विचारणारही नाही. तुम्ही गेलात तर लाकूड, सुरी, दूध याबद्दल बोला, त्यांना आवडतं.

हुयेहून परतताना न्यान्झाला उतरलात तर भांड्यांचं घर बघायला मिळेल. तिथे राजवाड्याचं म्युझियम आहे. मधमाश्यांच्या पोळ्याच्या आकाराची मोठी गवती झोपडी, जुन्या राजवाड्यासारखी पुन्हा उभी केलेली, आणि तिच्या मागे दोन लहान झोपड्या. एक बिअरची, एक दुधाची. दुधाच्या झोपडीची जबाबदारी लग्न न झालेल्या मुलीकडे असे. आत ओळीने चरव्या, प्रत्येकीवर टोपण. शेजारीच मुतारा तिसरा रुदाहिग्वा या राजाचा १९३० च्या दशकातला आधुनिक वाडा आहे, खुर्च्या-टेबलांचा. मी तो पाच मिनिटांत आटोपला. माझं सगळं लक्ष पटांगणातल्या इन्यांबो गाईंकडे. शिंगं एवढी लांब आणि वर उगवत्या चंद्रासारखी वळलेली की गाय मान फिरवते तेव्हा बाजूची माणसं मागे सरकतात. गुराखी त्यांच्याजवळ उभं राहून गातो. आपल्याकडे पोळ्याला बैलाला सजवतात, ओवाळतात. इथे गाईला तिच्या नावाने, तिच्या कुळाने, तिच्या चालीने आळवणारी अख्खी काव्याची परंपरा आहे. गाणं सुरू झाल्यावर एक तांबडी गाय हळूच पुढे आली आणि त्याच्या खांद्यापाशी तोंड नेऊन उभी राहिली. तान्ह्या बाळाला घेऊन गेलो होतो, तेही गप्प झालं.

दोन माणसं भेटली की जुन्या पद्धतीत "अमाश्यो" म्हणतात, म्हणजे तुला कळप लाभोत. उत्तर "अमाशोंगोरे", गाईंचे कळप लाभोत. सरकारने २००६ मध्ये गरीब घराला एक गाय द्यायची योजना सुरू केली तिचं नावही गिरिंका, गाय लाभो. मुलीच्या आजीकडची गाय या योजनेतली. पहिली कालवड शेजारच्या घराला द्यावी लागते, तशी आजीने दिली. संकरित गाय आहे, शिंगं छोटी, दूध जास्त. आजी पिळते मात्र स्टीलच्या बादलीत. डेअरीवाले लाकडी भांड्यातलं दूध घेत नाहीत म्हणाली. मग उरुहिम्बीवरच्या चरव्या कशाला, विचारलं तर म्हणाली, घरच्या दुधासाठी.

खोट काढायचीच तर काढते. बूड गोल असल्यामुळे चरवी सपाट ओट्यावर नीट उभी राहत नाही. आम्ही चुंबळ करून तिच्यावर ठेवतो. पेल्याची कड एका जागी जरा जाड आहे, ओठाला लागते. सकाळी भरलेलं दूध रात्रीपर्यंत तापवल्याशिवाय ठेवू नका, लाकूड काही फ्रिज नाही. आणि हे भांडं रोज वापरायचं असेल तरच घ्या. मध्ये काही दिवस आम्ही बाहेरगावी गेलो तेव्हा ते कोरडं राहिलं आणि गळ्याशी केसासारखी रेघ उमटली. घाबरून आतून लोणी चोळलं, दोन दिवस ओलं फडकं गुंडाळून ठेवलं. रेघ मिटली, गळत नाही.

खरेदीआधी एवढं बघा. तोंडात नाक घाला. लाकूड, लोणी, धूर यांखेरीज दुसरा वास आला तर तिथेच ठेवा. नखाने सगळीकडून वाजवा. बोट आत घालून फिरवा. आत सुरीच्या खुणा, माशाच्या खवल्यांसारख्या, हाताला लागल्या पाहिजेत. अगदी गुळगुळीत असेल तर ते यंत्रावर फिरवलेलं. दुकानात एका वेळी तीनचारच भांडी तयार असतात. नसली तर सांगून यावं लागतं, मोठ्या चरवीला महिना धरा. ते फोनवर ऑर्डर घेत नाहीत, पोस्टाने पाठवत नाहीत. बांधून देतात केळीच्या सोपट्यात आणि वर्तमानपत्रात. प्लॅस्टिकच्या पिशव्यांना या देशात २००८ पासून बंदी आहे, त्यामुळे येताना पिशवी कापडी आणा, विमानतळावर प्लॅस्टिकची काढून घेतात. विमानातून नेताना हातातल्या सामानात ठेवा.

गेल्या आठवड्यात मी भावाला चरवीच्या आतल्या बाजूचा व्हिडिओ पाठवला, टॉर्च पाडून. रात्री अकराला त्याचा फोन. वाडीत तेव्हा अडीच वाजले होते. "ताई, आकडा किती वळलाय? धार आतल्या अंगाला की बाहेरच्या? दांडा किती लांब?" मला एकाही प्रश्नाचं नीट उत्तर देता आलं नाही. शुक्रवारी पुन्हा हुयेला जाते आहे. खाकी कागद आणि पेन्सिल पिशवीत ठेवली आहे. सुरी कागदावर ठेवून तिची बाह्यरेषा काढू द्याल का, हे इथल्या किन्यारवांडा भाषेत कसं विचारायचं ते मुलीकडून लिहून घेतलं आहे. आणि वडिलांचा एक आंबाही बरोबर घेतला आहे, फोटो नाही, खराखुरा. म्हातारबुवांना तो हातात द्यायचा आहे.